विश्लेषण : फलंदाजाने फटका मारण्याआधी क्षेत्ररक्षक जागा सोडू शकतो का?

खडकवासला धरणाच्या चौपाटीवरून सिंहगड रस्त्याने किरकटवाडी, नांदेड, धायरीकडे येताना रविवारी सकाळी मोकळ्या मैदानांकडे नजर टाकली, तर टेनिस बॉलचा एखादा सामना चालू दिसतोच. चुन्याची सीमारेषा, मंडपाखाली स्पीकर, समोर टेबलावर मांडलेले चषक आणि अलीकडे मोबाइलवरून होणारे थेट प्रक्षेपण. अशा सामन्यांत हमखास होणारा एक वाद आहे. फलंदाज स्वीप मारायला गुडघ्यावर बसतो. स्लिपमध्ये उभा असलेला खेळाडू चेंडू बॅटला लागण्याआधीच यष्टिरक्षकाच्या पाठीमागून लेगच्या बाजूला धावतो आणि झेल टिपतो. एक संघ जल्लोष करतो, दुसरा पंचांकडे धावतो. ‘हा आधीच हलला, डेड बॉल द्या,’ असे एक बाजू म्हणते. ‘डोके चालवले, त्यात चूक काय?’ असे दुसरी बाजू विचारते.

दोघांनाही आपलेच खरे वाटत असते. पंचाला मात्र नेमका नियम माहीत असेलच याची खात्री नसते. मग ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने निकाल लागतो आणि चांगला रंगलेला सामना भांडणात संपतो. या प्रश्नाला क्रिकेटच्या नियमांत स्पष्ट उत्तर आहे. ते समजून घेणे खेळाडूंइतकेच आयोजकांच्याही हिताचे आहे.

नियम नेमका काय सांगतो?

क्रिकेटचे नियम लंडनच्या मेरिलिबोन क्रिकेट क्लबकडे, म्हणजे एमसीसीकडे असतात. सध्याच्या संहितेतील नियम क्रमांक २८ क्षेत्ररक्षकांविषयी आहे आणि त्यातील कलम २८.६ हालचालीविषयी. त्याचा गाभा असा : चेंडू ‘खेळात’ आल्यापासून तो फलंदाजापर्यंत पोहोचेपर्यंत क्षेत्ररक्षकाने केलेली हालचाल अनुचित मानली जाते. चेंडू खेळात येतो तो गोलंदाजाने धाव घ्यायला सुरुवात केली की. गोलंदाज धाव घेत नसेल, तर त्याने हात फिरवायला सुरुवात केल्यावर.

इथवर वाचले तर ‘आधीच हलला’ म्हणणाऱ्यांची बाजू बरोबर वाटेल. पण याच कलमात तीन अपवाद दिले आहेत आणि सगळा खेळ या अपवादांत आहे. पहिला, उभे राहण्याच्या पवित्र्यात किंवा जागेत केलेला किरकोळ बदल चालतो. दुसरा, फलंदाजापासून दूर उभा असलेला क्षेत्ररक्षक त्याच्या दिशेने पुढे चालत येऊ शकतो, मात्र त्यामुळे त्याची जागा लक्षणीय बदलता कामा नये. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, फलंदाज जो फटका खेळत आहे किंवा त्याच्या हालचालीवरून जो फटका खेळण्याचा त्याचा इरादा दिसतो, त्याला प्रतिसाद म्हणून क्षेत्ररक्षक हलू शकतो.

म्हणजे सुरुवातीच्या उदाहरणातील स्लिपचा खेळाडू निर्दोष आहे. फलंदाज आधी बसला, त्याने आधी इरादा दाखवला, मग स्लिपवाला धावला. तो झेल वैध आणि फलंदाज बाद.

मग गुन्हा केव्हा होतो?

आता उलट प्रसंग पाहू. फलंदाजाने पवित्रा घेण्यापूर्वी चौफेर पाहिले. मिडविकेटचा क्षेत्ररक्षक जवळ उभा आहे, त्याच्या डोक्यावरून फटका मारता येईल असा त्याने हिशेब केला. गोलंदाज धावू लागला, फलंदाजाची नजर त्याच्या हाताकडे गेली आणि तेवढ्यात मिडविकेटवाला पंधरा पावले मागे सीमारेषेकडे सरकला. फलंदाजाने अजून काहीच केलेले नाही. इथे क्षेत्ररक्षक कशालाही प्रतिसाद देत नाही. फलंदाजाची नजर दुसरीकडे असल्याचा तो फायदा घेतो आहे. ही हालचाल अनुचित आहे.

‘हा फलंदाज तिसऱ्या चेंडूला स्वीप मारतोच, म्हणून मी आधीच सरकलो,’ हा युक्तिवादही चालत नाही. फलंदाजाच्या सवयीचा अभ्यास करून क्षेत्ररचना जरूर लावावी, पण ती गोलंदाज धावायला लागण्यापूर्वी. त्यानंतर हलायचे असेल तर समोरच्या फलंदाजाच्या अंगात काहीतरी हालचाल दिसायला हवी. गोलंदाज आणि क्षेत्ररक्षक यांनी आपसांत ठरवले की आता आखूड चेंडू टाकायचा आणि त्याच वेळी फाइन लेगने मागे जायचे, तर तेही नियमाबाहेर. कारण हालचालीचे निमित्त फलंदाज नाही, संघाचा बेत आहे.

पंचाने स्वतःला एकच प्रश्न विचारला तरी बहुतेक वाद मिटतात : आधी कोण हलले? फलंदाज, की क्षेत्ररक्षक?

‘बॉलर धावला की आत चालत ये’ हे चुकीचे आहे का?

शाळेच्या संघापासून प्रशिक्षक मुलांना हेच शिकवतात आणि ते बरोबर आहे. कव्हर, मिडऑफ, पॉइंट अशा जागांवरचे खेळाडू गोलंदाजाबरोबर दोन-चार पावले पुढे येतात, त्यामुळे शरीर सज्ज राहते. दुसरा अपवाद त्यांच्यासाठीच आहे. मात्र दिशा फलंदाजाकडे किंवा त्याच्या यष्ट्यांकडे हवी. पुढे येण्याऐवजी आडवे सरकणे किंवा मागे जाणे या सवलतीत बसत नाही.

फलंदाजाला चिकटून उभे असलेल्या क्षेत्ररक्षकांना, म्हणजे स्लिप, गली, सिली पॉइंट, शॉर्ट लेग यांना, चालत पुढे येण्याची ही सवलत नाही. त्यांच्यासाठी पवित्र्यातील किरकोळ बदल आणि फटक्याला प्रतिसाद एवढेच. फलंदाजाने पुलसाठी बॅट उगारलेली पाहून शॉर्ट लेगचा खेळाडू पाठ फिरवून खाली बसला, तर तो फटक्याला प्रतिसादच आहे. स्वतःचा जीव वाचवण्याला कोणताही नियम आड येत नाही.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. चेंडू हातातून सुटतो त्या क्षणी लेगच्या बाजूला पॉपिंग क्रीजच्या मागे यष्टिरक्षक सोडून दोनपेक्षा जास्त क्षेत्ररक्षक असता कामा नयेत. असले तर नो-बॉल. तसेच चेंडू फलंदाजाच्या बॅटला वा अंगाला लागेपर्यंत किंवा बॅटच्या पुढे जाईपर्यंत, गोलंदाज वगळता कोणत्याही क्षेत्ररक्षकाचा पाय खेळपट्टीवर टेकलेला किंवा शरीराचा भाग खेळपट्टीवर आलेला चालत नाही. तोही नो-बॉलच.

यष्टिरक्षकाला वेगळा नियम आहे का?

होय. त्याच्यासाठी कलम २७.४ आहे. संथ चेंडूसाठी तो काही पावले पुढे येऊ शकतो, पण इतकी नाहीत की यष्ट्या त्याच्या हाताच्या टप्प्यात येतील. चेंडू ज्या दिशेने टाकला गेला त्या दिशेने तो आडवा सरकू शकतो. आणि क्षेत्ररक्षकांप्रमाणेच, फलंदाजाच्या फटक्याला किंवा दिसलेल्या इराद्याला प्रतिसाद म्हणून तो हलू शकतो.

यातील पहिली अट गल्ली क्रिकेटमध्ये सर्रास मोडली जाते. वेगवान गोलंदाजाला कीपर दहा पावले मागे उभा असतो. फलंदाज क्रीजच्या बाहेर उभा राहतो, कारण कीपर मागे असल्याचे त्याने पाहिलेले असते. गोलंदाज धावू लागताच कीपर पावले न वाजवता यष्ट्यांपाशी येतो आणि फलंदाजाला यष्टिचीत करतो. पाहणाऱ्यांना ही हुशारी वाटते. नियमाच्या भाषेत ती अनुचित हालचाल आहे.

असा नियम करण्याची गरज का पडली?

क्रिकेटमध्ये फलंदाज एकटा असतो आणि त्याच्याभोवती अकरा जण. त्याच्याकडे दोन डोळे आहेत आणि ते गोलंदाजाच्या हातावर खिळलेले असावे लागतात. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटल्यावर जेमतेम अर्ध्या सेकंदात त्याच्यापर्यंत पोहोचतो. या अर्ध्या सेकंदात मान वळवून मागे कोण कुठे सरकले हे पाहणे अशक्य आहे. म्हणून गोलंदाज धावायला लागण्यापूर्वी त्याने जे पाहिले, ते बऱ्याच अंशी तसेच राहील असा अलिखित शब्द क्षेत्ररक्षण करणारा संघ त्याला देत असतो. नियम या शब्दाचे रक्षण करतो.

पण हा शब्द एकतर्फीही असून चालत नाही. जून २००८ मध्ये केव्हिन पीटरसनने न्यूझीलंडविरुद्ध चेंडू सुटत असताना हात आणि पवित्रा बदलून डावखुऱ्यासारखे षटकार मारले. तेव्हा ‘स्विच हिट’वर मोठी चर्चा झाली आणि एमसीसीने तो फटका वैध ठरवला. फलंदाज ऐन वेळी उजव्याचा डावा होऊ शकत असेल, रिव्हर्स स्वीप आणि स्कूप खेळू शकत असेल, तर त्याचा पवित्रा बदलताना डोळ्यांनी पाहणाऱ्या क्षेत्ररक्षकाने पुतळ्यासारखे उभे राहावे, ही अपेक्षा अन्यायाची ठरते. तिसरा अपवाद ही दुसऱ्या बाजूची भरपाई आहे.

हा अपवाद कधीपासून आला?

१ ऑक्टोबर २००० पासून लागू झालेल्या संहितेत प्रतिसादाची ही मुभा शब्दांत नव्हती. जवळच्या क्षेत्ररक्षकाने किरकोळ बदलापलीकडे केलेली कोणतीही हालचाल लक्षणीय, म्हणून अनुचित मानली जात होती. ‘आधी हलला की डेड बॉल’ ही आजही अनेकांच्या डोक्यात बसलेली समजूत त्या काळातली आहे.

वाद पेटला तो १२ ऑक्टोबर २०१४ रोजी अबुधाबीत. पाकिस्तान-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामन्यात झेव्हियर डोहर्टीच्या फिरकीवर फवाद आलम चेंडू लेगला हलकेच वळवू पाहत होता. स्लिपमधील स्टीव्ह स्मिथने त्याचा इरादा ओळखला, तो चेंडू पोहोचण्याआधीच लेगच्या बाजूला धावला आणि झेल घेतला. पंचांनी फलंदाजाला बाद दिले. तो सामना ऑस्ट्रेलियाने अवघ्या एका धावेने जिंकला, त्यामुळे त्या झेलाचे मोल किती होते हे वेगळे सांगायला नको. फलंदाजाच्या हालचालीला प्रतिसाद म्हणून जवळचा क्षेत्ररक्षक हलत असेल तर ते मान्य आहे, अशी भूमिका आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने, म्हणजे आयसीसीने, घेतली. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लागू झालेल्या नव्या संहितेत हीच गोष्ट नियमाच्या शब्दांत आली.

शिक्षा काय?

२०२२ पर्यंत शिक्षा फक्त ‘डेड बॉल’ होती. त्यात एक विचित्र गोष्ट घडत असे. क्षेत्ररक्षकाने लबाडी केली, तरीही फलंदाजाने खणखणीत चौकार मारला, तर चेंडूच रद्द झाल्याने तो चौकारही जात असे. म्हणजे लबाडी एकाची आणि नुकसान दुसऱ्याचे. १ ऑक्टोबर २०२२ पासून यात बदल झाला. आता अशा हालचालीबद्दल डेड बॉलबरोबरच फलंदाजी करणाऱ्या संघाला पाच पेनल्टी धावा मिळतात. आयसीसीनेही त्याच दिवसापासून आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी हा बदल स्वीकारला. चौकार गेला तरी पाच मिळतात. षटकार मारलेला असेल, तर मात्र फलंदाजी करणाऱ्या संघाचे अजूनही एका धावेचे नुकसान होते.

हा निर्णय दोन्हीपैकी कोणताही पंच देऊ शकतो आणि त्यासाठी कुणी अपील करण्याची गरज नसते. स्क्वेअर लेगचा पंच इथे विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण फलंदाजाच्या मागची बाजू त्याला चांगली दिसते.

मराठी मैदानांनी काय शिकवले?

जवळच्या क्षेत्ररक्षणाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईचा एकनाथ सोलकर हेल्मेटविना शॉर्ट लेगला उभा राहायचा. २७ कसोटींत ५३ झेल हा त्याचा हिशेब आजही थक्क करतो. ऑगस्ट १९७१ मध्ये ओव्हलवर वेंकटराघवनच्या गोलंदाजीवर ॲलन नॉटचा त्याने पुढे झेपावून घेतलेला झेल भारताच्या इंग्लंडमधील पहिल्या कसोटी विजयाच्या वाटेवरचा मोठा टप्पा होता. रणजी करंडकात महाराष्ट्राकडून खेळलेल्या यजुर्वेंद्र सिंहने १९७७ मध्ये बंगळूरुला इंग्लंडविरुद्ध पदार्पणाच्याच कसोटीत सात झेल घेऊन तेव्हाच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली. हा आकडा ओलांडला तो संगमनेर तालुक्यात जन्मलेल्या अजिंक्य रहाणेने. ऑगस्ट २०१५ मध्ये गॉलच्या कसोटीत त्याने आठ झेल घेतले.

काळ बदलला, नियमाचे शब्द बदलले, पण या तिघांच्या यशाचे मूळ एकच आहे : फलंदाजाचे पाय, खांदे आणि बॅट वाचण्याची नजर. अशी नजर असलेल्याला फसवून जागा बदलण्याची गरज पडत नाही.

गहुंजे आणि खडकवासला यांतला फरक

पुण्याच्या एका टोकाला गहुंजेचे आंतरराष्ट्रीय मैदान आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथल्या फिरत्या खेळपट्टीवर ऑस्ट्रेलियाने भारताला १०५ आणि १०७ धावांत गुंडाळले. अशा सामन्यात जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या एका पावलाला किंमत असते. पण तिथे प्रशिक्षित पंच असतात, डझनभर कॅमेरे असतात आणि नियमाची प्रत प्रत्येक संघाकडे असते.

दुसऱ्या टोकाला, खडकवासला परिसरातल्या रविवारच्या सामन्यांत किंवा राज्यातल्या कोणत्याही गावच्या चषकात, यातले काही नसते. बऱ्याचदा लेग अंपायर म्हणून फलंदाजी करणाऱ्या संघातलाच एखादा खेळाडू उभा असतो. आयोजकांच्या नियमपत्रकात झाडाला लागलेल्या चेंडूच्या किती धावा, नो-बॉलला फ्री हिट आहे की नाही, चेंडू हरवला तर काय, हे सगळे लिहिलेले असते. क्षेत्ररक्षकाच्या हालचालीविषयी मात्र एक ओळही सापडणे कठीण. आणि सहा-आठ षटकांच्या सामन्यात पाच धावा म्हणजे निकाल फिरवणारी रक्कम.

इथे एक रास्त आक्षेप येतो. एखाद्याच्या हालचालीमागे काय होते, प्रतिसाद की लबाडी, हे पंचाने कसे ओळखायचे? आणि स्वतःच्याच संघाला पाच धावा देण्याचा अधिकार लेग अंपायरच्या हाती दिला, तर भांडणे कमी होतील की वाढतील? आक्षेपात तथ्य आहे. म्हणून शिक्षा गाळून टाकणे हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे. शिक्षाच नसेल तर प्रत्येक संघ एकदा तरी प्रयत्न करून पाहील.

स्थानिक स्पर्धांनी आपल्या पत्रकात तीन वाक्ये घालावीत. फलंदाजाने फटक्याचा इरादा दाखवल्यानंतर क्षेत्ररक्षक कुठेही हलू शकतो. त्याआधी, गोलंदाज धावायला लागल्यावर, दूरच्या क्षेत्ररक्षकाने पुढे चालत येण्याव्यतिरिक्त जागा सोडली तर डेड बॉल. आणि दोन्ही पंचांचे एकमत झाले तर पाच धावांचा दंड. शेवटची अट मूळ नियमात नाही, तिथे एक पंच पुरेसा असतो. पण तटस्थ पंच मिळेपर्यंत गावच्या मैदानावर ती अट न्यायाला जवळची ठरेल. नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांसमोर ही वाक्ये मोठ्याने वाचून दाखवायला एक मिनिटही लागत नाही.

यात पणाला काय लागले आहे?

प्रश्न एका झेलाचा वाटतो, पण मैदानावरची मुले त्यातून काय शिकतात हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या चौदा वर्षांच्या मुलाने फलंदाजाचा गुडघा वाकताना पाहिला, क्षणात ओळखले आणि धावत जाऊन झेल घेतला, तर त्याला चीटर म्हणून हिणवणे हा त्याच्या नजरेचा अपमान आहे. तो मुलगा पुन्हा कधी धोका पत्करणार नाही. उलट फलंदाजाची पाठ पाहून मागे सरकणाऱ्याची पाठ थोपटली, तर न दिसेल तिथे केलेले सगळे खपते हा धडा तो मैदानाबाहेरही घेऊन जाईल.

नियमाने या दोघांमध्ये रेघ ओढून दिली आहे. येत्या रविवारी चुन्याने सीमारेषा आखताना आयोजकांनी या रेघेचीही आठवण ठेवावी.